फुकटच्या कुलपाचा सातबारा

ओपन सोर्स म्हणजे फुकट, फुकट म्हणजे कुणाचंच नाही, आणि कुणाचंच नाही म्हणजे कसंही वापरा. हा समज मी सॉफ्टवेअर कंपन्यांत ऐकलाय, सरकारी बैठकांत ऐकलाय, कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्या मुलांकडून तर रोज ऐकतो. केंद्र सरकारने २०१५ साली ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण आणलं, त्यानंतर हा शब्द निविदांमध्येही सर्रास दिसायला लागला. धोरण चांगलंच आहे. पण 'फुकट' आणि 'बिनमालकीचं' यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो न कळल्यामुळे जगातल्या फार हुशार लोकांची वीस-बावीस वर्षं कशी खर्ची पडली, त्याची ही गोष्ट. थोडी लांब आहे, सवडीने वाचा.

बँकेची वेबसाइट उघडली की पत्त्याशेजारी कुलूप दिसायचं, आठवतंय? (क्रोमने आता तिथे दुसरंच चिन्ह लावलंय.) ते कुलूप म्हणजे तुमचा पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येणार नाही याची खूण. जगातल्या प्रचंड संख्येच्या सर्व्हरवर हे कुलपाचं काम ओपनएसएसएल नावाचं सॉफ्टवेअर करतं. ते फुकट मिळतं, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. आणि त्याचा सातबारा मात्र एवढा गुंतागुंतीचा होता की आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या कुळाची वडिलोपार्जित जमीन बरी म्हणावी.

सातबारा हा शब्द मी गमतीने वापरत नाहीये. कोड हे कायद्याच्या दृष्टीने लेखन आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो. ज्याने लिहिलं तो मालक, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल तर मालक कंपनी, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे, आणि मालकी दुसऱ्याच्या नावे करायची तर लेखी, सहीनिशी. मग चारशे लोकांनी मिळून लिहिलेल्या सॉफ्टवेअरचं काय? सगळ्यांनी आपापले हक्क कुठल्या संस्थेच्या नावे करून दिले नसतील, तर पोटहिस्सेदार चारशे. प्रत्येकाने 'वापरा, पण या अटींवर' म्हणून जो कागद जोडला, तो परवाना. अटी बदलायच्या तर ज्याच्या त्याच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत.

आता गोष्ट सुरू करू. १९९० च्या दशकात अमेरिकेत भक्कम गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर हे निर्यातीच्या नियमांत शस्त्रास्त्रांच्या पंक्तीला बसवलेलं होतं. म्हणजे तिथे बसून असं काही लिहायचं आणि जगाला वाटायचं, तर कटकट. ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांना ती कटकट नव्हती. नेटस्केपने ब्राउझरसाठी एसएसएल ही पद्धत काढली होती, तिची स्वतंत्र, सगळ्यांसाठी खुली आवृत्ती यांनी १९९५ च्या सुमारास लिहिली. नाव एसएसएलईएवाय, शेवटची तीन अक्षरं यंग यांच्या नावाची आद्याक्षरं.

या दोघांनी परवाना लिहिला तो मी मुळातून वाचलाय, आणि वाचण्यासारखा आहे. वकिलाने लिहिलेला नाही हे दुसऱ्या ओळीपासून कळतं. अटी तशा साध्या: धंद्यासाठी वापरा, विका, बदला, पण आमचं नाव काढू नका, आणि या सॉफ्टवेअरचा उल्लेख करणारी जाहिरात केलीत तर 'यात एरिक यंग यांनी लिहिलेलं गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर आहे' असं तिच्यात छापा. पुढे म्हटलंय की तुम्ही वापरलेल्या भागाचा गुप्तलेखनाशी संबंध नसेल तर तो शब्द गाळला तरी चालेल, आणि त्यापुढे चक्क हसरा चेहरा काढलाय. कायदेशीर मजकुरात! शुद्धलेखनाच्या चुकाही आहेत. त्या चुका आणि तो चेहरा पुढे दोन दशकं जगभरातल्या कंपन्यांच्या कायदा विभागांनी जशाच्या तशा जपून ठेवल्या, कारण परवान्याचा मजकूर बदलायचा नसतो.

खरी मेख शेवटच्या परिच्छेदात होती. या कोडच्या किंवा त्यापासून केलेल्या कुठल्याही जाहीर आवृत्तीच्या अटी बदलता येणार नाहीत. हा कोड उचलून दुसऱ्या परवान्याखाली घालता येणार नाही, जीपीएलखालीसुद्धा नाही. थेट नाव घेऊन. कारणही तिथेच दिलंय: पूर्वी लोकांनी कोड उचलला, नावं पुसली आणि आपल्या पॅकेजात घालून वाटला, हे काम सोपं नव्हतं आणि त्याचे पैसेही मिळालेले नाहीत.

मला या माणसाचा राग पूर्ण समजतो. कुणीही लिहिणाऱ्याला समजेल. नाव पुसणं ही चोरीच. पण रागाच्या भरात घातलेली ही अट चोराला अडवत नव्हती. चोर परवाना वाचत नाही. ती अडवत होती ती परवाने वाचणाऱ्या, पाळणाऱ्या माणसांना.

जीपीएल म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. रिचर्ड स्टॉलमन यांच्या पुढाकाराने आलेला हा परवाना, त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. तत्त्व असं की आमचा कोड घ्या, बदला, वाटा. पण वाटताना पुढच्यालाही तेवढंच स्वातंत्र्य द्या. आणि महत्त्वाची गोष्ट: तुमच्या पदरची जादा अट त्याच्यावर लादू नका. आता बघा. जीपीएल म्हणतो जादा अट नको. एसएसएलईएवाय म्हणतो जाहिरातीत नाव छापा, आणि ही अट काढताच येणार नाही. दोन्ही कोड एका प्रोग्राममध्ये जोडून वाटले, तर एकाची अट पाळताना दुसऱ्याची मोडते. दोघंही उदार, दोघंही फुकट देणारे, आणि दोघांना एका पंगतीत बसवता येत नाही. परवान्यांची विसंगती म्हणतात ती हीच. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, म्हणूनच ती सोडवणं अवघड.

जाहिरातीची ही कल्पना यंग यांची नव्हे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या बीएसडी सॉफ्टवेअरला अशीच अट घातली होती. वाटलं असेल, एका ओळीने काय बिघडतं? पण पुढच्या प्रत्येकाने विद्यापीठाचं नाव काढून आपलं घातलं आणि तीच अट पुढे चालवली. स्टॉलमन यांनी नेटबीएसडीच्या १९९७ च्या एका आवृत्तीत मोजून पाहिलं, तर अशी ७५ वेगवेगळी वाक्यं निघाली. सगळी पाळायची तर जाहिरातीत माल दिसणार कुठे! आपल्याकडे लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या खाली निमंत्रकांची यादी वाढत जाऊन वधूवरांची नावं कोपऱ्यात जातात, तसं. बर्कलीने २२ जुलै १९९९ रोजी एक पत्र काढून ती अट रद्द केली. मालक एकच संस्था होती म्हणून एका पत्रात भागलं. अर्थात, तेवढं विद्यापीठाच्या मालकीच्या कोडपुरतं. ज्यांनी आपापली नावं घालून तीच अट लावली होती, त्यांची वाक्यं तशीच राहिली.

पण तोवर इकडे वेळ निघून गेली होती. १९९८ च्या अखेरीस यंग आणि हडसन आरएसए या कंपनीत गेले. एसएसएलईएवाय थांबलं. मार्क कॉक्स, राल्फ एंगेलशाल, स्टीफन हेन्सन, बेन लॉरी, पॉल सटन अशा मंडळींनी डिसेंबर १९९८ मध्ये तोच कोड पुढे न्यायचा ठरवला आणि नाव दिलं ओपनएसएसएल. परवान्याचं काय? जुना बदलता येत नाही, ते तर लिहूनच ठेवलेलं. मग यांनी आपल्या नव्या कामासाठी अपाची सर्व्हरच्या त्या वेळच्या परवान्यावर बेतलेला दुसरा कागद जोडला. त्यातही जाहिरातीची अट! आणि दोन्ही कागद एकाच वेळी लागू. 'यापैकी एक निवडा' नव्हे, दोन्ही पाळा.

यानंतरची पंधरा वर्षं म्हणजे वळसे घालण्याचा इतिहास आहे.

जीपीएलमध्ये एक पळवाट आहे. प्रोग्राम चालवायला लागणारे ऑपरेटिंग सिस्टीमचे मूलभूत भाग या नियमातून वगळले आहेत, मात्र ते भाग प्रोग्रामसोबतच वाटले जात असतील तर सूट नाही. कुणी विंडोजसाठी जीपीएल प्रोग्राम लिहिला तर तो निर्धास्त, कारण विंडोज वेगळं येतं. पण डेबियनसारखी लिनक्सची वितरणं तर प्रोग्राम आणि ओपनएसएसएल दोन्ही एकाच गठ्ठ्यात देतात. त्यामुळे सर्वात स्वतंत्र बाण्याच्या लोकांनाच सूट नाही. डेबियनने हे अक्षरशः पाळलं. बऱ्याच जणांना तेव्हा तो कर्मठपणा वाटला, सोवळं-ओवळं म्हणून थट्टा करणारेही असतील. माझं मत वेगळं आहे. कुणीतरी खतावणी प्रामाणिकपणे लिहीत होतं, म्हणून पुढे हिशेब लागला.

मग जो तो आपापल्या परीने. काही जीपीएल प्रकल्पांनी आपल्या परवान्यात खास कलम जोडलं, 'ओपनएसएसएलशी जोडायला आमची हरकत नाही'. वेगेटने असं केलं. पण असं कलम जोडायलाही त्या प्रकल्पाच्या सगळ्या लेखकांची संमती हवी, म्हणजे पुन्हा तेच. २००० साली निकोस माव्रोयानोपुलोस यांनी जीएनयूटीएलएस ही वेगळी लायब्ररीच लिहायला घेतली, जीपीएलवाल्यांना चालेल अशा परवान्याखाली. कर्ल ही फाइली आणणारी लायब्ररी डेबियनने एकापेक्षा जास्त रूपांत बांधायला सुरुवात केली, एक ओपनएसएसएलवाली, एक जीएनयूटीएलएसवाली. आणि गिट, जे जीपीएलखाली येतं, ते दुसरीवर बसवलं. काम तेच, लायब्ररी तीच, फक्त सोयरीक जमत नाही म्हणून चुली वेगळ्या.

यातला सर्वात अफलातून प्रकार पोस्टग्रेस डेटाबेसच्या बाबतीत झाला. त्याचा कमांड लिहायचा प्रोग्राम तीन घरांची मंडळी एकत्र आणत होता: स्वतः पोस्टग्रेस (अगदी मोकळा परवाना), ओपनएसएसएल, आणि टाइप केलेली ओळ दुरुस्त करू देणारी रीडलाइन, जी जीपीएलखाली. २०११ च्या सुमारास डेबियनने रीडलाइन काढून लिबएडिट ही पर्यायी लायब्ररी लावली. तेव्हाच्या लिबएडिटला इंग्रजीपलीकडची अक्षरं नीट पेलत नव्हती. म्हणजे परवान्याच्या दोन कलमांचं जमत नाही म्हणून कुणा जर्मन माणसाला आपल्या लिपीतलं अक्षर टाइप करता येईना. देवनागरीवाले आपण त्याच रांगेत. शेवटी तोडगा निघाला तो असा: पॅकेज लिबएडिटशी जोडूनच वाटायचं, पण ते सुरू होताना वापरणाऱ्याच्या मशीनवर रीडलाइन सापडली तर आयत्या वेळी ती पुढे करायची. कारण जीपीएलचा प्रश्न वाटताना येतो. तुमच्या घरात तुम्ही काय काय एकत्र शिजवता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. (निविदा लिहिणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी. कंत्राटदार सॉफ्टवेअरची प्रत बनवून महापालिकेच्या हवाली करतो, ते वाटपच असतं.)

ही सगळी हुशारी दुरून मजेशीर वाटते. पण कुलूप बनवणारे लोक जगात मोजकेच आणि त्यांची ताकद दोन-तीन ठिकाणी विभागलेली. मार्च २०१४ मध्ये जीएनयूटीएलएसमध्ये चूक सापडली: खोटं प्रमाणपत्र खरं म्हणून स्वीकारलं जात होतं. महिनाभराने, ७ एप्रिल २०१४ ला, ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड जाहीर झालं. कुणीही दुरून सर्व्हरच्या स्मृतीतला तुकडा ओढून घेऊ शकत होता, त्यात पासवर्ड असोत नाहीतर गुप्त किल्ल्या. ही चूक २०१२ पासून तिथे होती. त्यानंतर जगाला कळलं की या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. स्टीफन हेन्सन.

हार्टब्लीड परवान्यामुळे घडलं असं मी म्हणणार नाही. ती कोडमधली चूक होती, लांबी न तपासल्याची. पण त्या धक्क्याने मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले, माणसं आली, आणि वर्षानुवर्षं माळ्यावर टाकलेली कागदपत्रांची पेटी खाली उतरली.

ऑगस्ट २०१५ मध्ये ओपनएसएसएलने जाहीर केलं की परवाना बदलायचा, अपाची २.० करायचा. मार्च २०१७ मध्ये प्रत्यक्ष पत्रं निघाली. कोडच्या इतिहासात प्रत्येक बदल कुणी केला याची नोंद असते. त्यावरून जवळपास ४०० जण आणि ३१,००० हून जास्त बदल अशी यादी निघाली. यातल्या कुणी एकच ओळ सुधारलेली, कुणी कंपनी बदललेली, कुणाचा ईमेल पत्ता दशकापूर्वी बंद पडलेला.

आणि त्या पत्रात एक ओळ होती: तुमच्याकडून उत्तर आलं नाही तर तुमची हरकत नाही असं आम्ही धरून चालू.

यावर रान उठलं. ओपनबीएसडीचे थिओ द राट यांनी तर जाहीर तोफ डागली. आपल्या वाचकांना हे चटकन कळेल. फेरफाराची नोटीस लागते, मुदतीत हरकत आली नाही तर तलाठ्याकडची नोंद मंजूर होते. पण नोंद मंजूर होणं म्हणजे मालकी मिळणं नव्हे, हे आपल्या कोर्टांनी किती वेळा सांगितलंय! इथे तर नोंदीचा प्रश्न नव्हता, हक्काचाच होता. पुण्याला स्थायिक झालेल्या भावाने पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून गावातला भाऊ त्याचा हिस्सा विकू शकत नाही. द राट यांचा स्वभाव भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे, पण या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने. ज्या कोडचा जन्मच 'आमची नावं पुसली' या तक्रारीतून झाला, तिथे लेखकाच्या गप्प बसण्याला होकार मानणं शोभणारं नव्हतंच.

पुढे मात्र काम खऱ्या कष्टाने झालं, तेही सांगायला हवं. मार्च २०१८ मध्ये उरलेल्या न सापडणाऱ्या लोकांची यादी जाहीर करून 'यांना कुणी ओळखता का' असं आवाहन केलं गेलं. जे नाही म्हणाले किंवा सापडले नाहीत, त्यांचा कोड काढून टाकणं किंवा नव्याने लिहिणं हा मार्ग. ज्या दोघांनी मूळ परवाना लिहिला त्यांच्यातले हडसन आता ओपनएसएसएलच्या टीममध्येच होते, हा योग बरा. डिसेंबर २०१८ मध्ये प्रत्येक फाइलच्या माथ्यावरचा मजकूर बदलला. नव्या परवान्याची पहिली पक्की आवृत्ती, ३.०, बाहेर पडायला ७ सप्टेंबर २०२१ उजाडलं.

म्हणजे सुटलं? अर्धंच. अपाची २.० मध्ये पेटंटविषयी काही अटी आहेत, आणि जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नजरेत त्याही जादा अटीच. तिसरी आवृत्ती २००७ साली लिहिताना मुद्दाम अपाचीशी जुळवून घेतलं गेलं. त्यामुळे ज्या प्रकल्पांनी 'दुसरी किंवा पुढची कुठलीही आवृत्ती' असे चार शब्द लिहून ठेवले होते, ते तिसरीकडे सरकून मोकळे झाले. ज्यांनी 'फक्त दुसरी' म्हटलं, ते ओपनएसएसएलपासून आजही तेवढेच लांब. लिनक्सचा गाभा 'फक्त दुसरी'वाला आहे.

आणि तरीही त्या गाभ्यात ओपनएसएसएलमध्येही असलेला कोड आहे. कसा? अँडी पॉल्याकोव्ह नावाच्या माणसाने ओपनएसएसएलसाठी वेगवेगळ्या प्रोसेसरवर धावणारा फार वेगवान कोड वर्षानुवर्षं लिहिला. तो देताना त्यांनी स्वतःचा हक्क हातात ठेवला आणि तेच काम क्रिप्टोगॅम्स या नावाने वेगळ्या अटींवरही मोकळं केलं, त्यात जीपीएलचा पर्याय होता. त्यामुळे लिनक्सवाल्यांना चारशे सह्या लागल्या नाहीत. एका माणसाची लागली.

ओपनएसएसएलच्या १.१.१ या जुन्या मालिकेला मोफत दुरुस्त्या मिळणं ११ सप्टेंबर २०२३ रोजी थांबलं. पण मशीन काही त्या दिवशी बंद पडत नाहीत. तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरला कधीतरी त्याच्या ओपनएसएसएलची आवृत्ती विचारून बघा. ३ च्या आतला आकडा आला, तर यंग यांचा तो कागद तुमच्याकडे अजून लागू आहे, दोन्ही जाहिरातींच्या अटींसकट आणि हसऱ्या चेहऱ्यासकट.